क्षारांच्या डब्या आणि आवर्तसारणीचे पहिले दोन गण

वैद्यमंडळींत आवर्तसारणीचा विषय काढला की बहुतेकांना आपल्या बारावीच्या परीक्षेची आठवण होते आणि तो विषय तेथेच संपतो. पदवी हाती आल्यावर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम ही नावे रक्ततपासणीच्या कागदापुरती उरतात. दुसरीकडे आपल्या औषधालयाच्या फळीवर यवक्षार, सर्जिकाक्षार, अपामार्गक्षार, सोरा, टंकण, सैंधव, शंखभस्म, प्रवाळपिष्टी, गोदंती अशा डब्या ओळीने उभ्या असतात. या सर्व डब्यांतील मुख्य धातू आवर्तसारणीच्या पहिल्या दोन गणांतील आहेत, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ती ध्यानी न घेतल्यामुळे खरेदीत, साठवणीत आणि रुग्णाच्या मात्रेत कोणत्या चुका होतात, याविषयी आमचे स्पष्ट मत सुज्ञ वाचकांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मूतखड्याची तक्रार घेऊन एक वयस्क गृहस्थ आमच्याकडे आले. मूत्रदाह होता, लघवीचे प्रमाण कमी होते. आम्ही श्वेतपर्पटी एक ग्रॅम दिवसातून दोन वेळा दिली आणि सोबत रोज शहाळ्याचे पाणी सुचविले. रक्तदाबासाठी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारले नाही. मूत्रपिंडाची तपासणी पूर्वी कधी झाली होती हेही विचारले नाही. दहाव्या दिवशी ते हातापायांतील त्राण गेल्याची तक्रार घेऊन परत आले. नाडी मंद व अनियमित लागली. तातडीने रुग्णालयात पाठविले तेव्हा रक्तातील पोटॅशियम 6.3 आढळले, ते 3.5 ते 5 च्या दरम्यान असावे लागते. मूत्रपिंडाचे कार्य आधीच क्षीण झालेले होते आणि रक्तदाबाची गोळी पोटॅशियम शरीरात धरून ठेवणाऱ्या जातीची होती. गृहस्थ सुदैवाने वाचले. आम्ही मात्र त्या रात्री बसून जे गणित मांडले, ते आधीच मांडायला हवे होते.

ते गणित असे. श्वेतपर्पटीतील मुख्य द्रव्य सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. शुद्ध सोऱ्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 385 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. दोन ग्रॅम सोऱ्यातून पाऊण ग्रॅमहून अधिक पोटॅशियम पोटात जाते. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णास दिवसभराच्या आहारातून मिळून अनेकदा 2000 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियमची मर्यादा घातलेली असते. पर्पटीचे इतर घटक वजा केले तरी त्या मर्यादेचा तिसरा हिस्सा आम्ही दोन पुड्यांतच संपविला होता; शहाळ्याचे पाणी त्यावर होतेच. यवक्षाराचा हिशेब याहून कडक आहे. त्याचे मुख्य घटकद्रव्य पोटॅशियम कार्बोनेट. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 565 मिलिग्रॅम पोटॅशियम असते.

आता मूळ विषयाकडे वळू. राखेतून निघणाऱ्या द्रव्यांशी या धातूंचे नाते त्यांच्या नावांतच गुंफलेले आहे. ‘अल्कली’ हा शब्द अरबीतील वनस्पतींच्या राखेच्या नावावरून आला. पोटॅशियमचे इंग्रजी नाव भांड्यात उरणाऱ्या राखेवरून पडले. हंफ्री डेव्ही यांनी 1807 साली वितळलेल्या अल्कांतून विजेचा प्रवाह सोडून पोटॅशियम आणि सोडियम हे धातू प्रथम वेगळे केले आणि पुढच्याच वर्षी कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम व मॅग्नेशियम हाती आणले. डोबेरायनर यांनी लिथियम, सोडियम, पोटॅशियम या तिघांना एका त्रिकात बसविले, कारण त्यांचे अणुभार अनुक्रमे 7, 23 व 39 असून मधला अणुभार दोन टोकांची सरासरी आहे. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम हेही असेच एक त्रिक. मेंडेलीव्ह यांच्या 1869 च्या सारणीत या कुटुंबांना आपापली जागा मिळाली.

पहिल्या गणातील धातूंच्या बाह्यतम कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, दुसऱ्या गणात दोन. गणात वरून खाली येताना अणूचा आकार वाढतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो, तो सोडून देणे सोपे होते आणि धातूची क्रियाशीलता वाढते. लिथियम पाण्यावर संथपणे फसफसते, सोडियम वितळून गोळीसारखे धावते, पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेटते. पहिल्या गणातील धातू मऊ असतात आणि खाली येताना त्यांचा वितळणबिंदूही उतरत जातो: लिथियमचा 180 अंश, सोडियमचा 98, पोटॅशियमचा 63. इतके क्रियाशील धातू निसर्गात मोकळे सापडत नाहीत. ते नेहमी लवण, कार्बोनेट, नायट्रेट अशा संयुगांच्या रूपाने भेटतात. आपल्या डब्यांत तीच संयुगे आहेत.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने या दोन गणांतील सर्वांत उपयुक्त भेद दोन आहेत. सोडियम व पोटॅशियम यांची कार्बोनेटे पाण्यात सहज विरघळतात. कॅल्शियमचे कार्बोनेट जवळजवळ विरघळत नाही. म्हणून राख पाण्यात कालवून, वस्त्रातून गाळून, क्षारोदक आटवले की पहिल्या गणाचा क्षार कढईत येतो आणि चुन्याचा भाग बहुतांशी गाळात राहतो. आपली क्षारनिर्मितीची संपूर्ण प्रक्रिया या एका गुणधर्मावर उभी आहे. दुसरा भेद उष्णतेचा. सोडियम व पोटॅशियमची कार्बोनेटे भट्टीच्या आचेवर विघटित होत नाहीत. कॅल्शियम कार्बोनेट मात्र सुमारे 900 अंशांवर कर्बवायू सोडून कळीच्या चुन्यात बदलते. दुसऱ्या गणातच वरचे मॅग्नेशियम कार्बोनेट याहून पुष्कळ कमी उष्णतेवर फुटते आणि तळाचे बेरियम कार्बोनेट याहून अधिक उष्णता सोसते.

या दुसऱ्या भेदावरून शंखभस्माचा एक जुना घोळ उलगडतो. एकाच रसशाळेचे शंखभस्म एका वेळी जिभेला चुरचुरते आणि दुसऱ्या वेळी निव्वळ खडूसारखे लागते, अशी तक्रार अनेक वैद्य करतात. शंख, शुक्ती, कपर्दिका, प्रवाळ, मौक्तिक ही सर्व द्रव्ये मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटची आहेत. गजपुटाच्या मध्यभागी आच पुरेशी चढली तर शंखाचा कळीचा चुना होतो. कडेच्या शरावांत तो बराचसा कार्बोनेटच राहतो. शिवाय कळीचा चुना हवेत उघडा राहिला की प्रथम ओलावा शोषून भिजलेला चुना होतो आणि पुढे हवेतील कर्बवायू घेऊन पुन्हा कार्बोनेट बनतो. म्हणजे एकाच लेबलाखाली तीन भिन्न द्रव्ये विकली जाऊ शकतात. तराजू हे भांडण सोडवितो: शंभर ग्रॅम शुद्ध शंखाचा पूर्ण कळीचा चुना झाला तर वजन 56 ग्रॅम भरते, तोच पूर्ण भिजला तर 74 ग्रॅम. पुटापूर्वी व पुटानंतर वजनाची नोंद ठेवणारी रसशाळा आपले भस्म कोणत्या अवस्थेत आहे हे सांगू शकते. न ठेवणारी सांगू शकत नाही. प्रवाळपिष्टी केवळ खलातून जाते, भट्टीतून जात नाही, म्हणून ती सौम्य राहते. पिष्टी आणि भस्म यांच्या गुणांत आपण जो फरक मानतो, त्याला येथे रसायनशास्त्राचाही भक्कम आधार आहे.

काही ज्येष्ठ वैद्यमित्र या ठिकाणी म्हणतात, शास्त्रोक्त औषधाला ही आधुनिक मोजपट्टी कशासाठी? त्यांना आम्ही आदरपूर्वक सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय पुन्हा उघडण्याची विनंती करतो. तेथे मृदू क्षारात चुन्याची द्रव्ये घालण्याचे विधान नाही. मध्यम क्षारासाठी मात्र चुन्याचे खडे व शंखनाभी लालबुंद तापवून क्षारोदकात विझविण्यास सांगितले आहे. राखेच्या पोटॅशियम कार्बोनेटवर चुन्याची क्रिया झाली की दाहक पोटॅश तयार होते आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. सौम्य अल्कापासून दाहक अल्क करण्याची रीत ती हीच. तयार क्षार तोंड बंद केलेल्या लोखंडी घड्यात ठेवावा, असेही तेथे सांगितले आहे. दाहक अल्क काचेलाही हळूहळू खातो, लोखंडाला फारसा खात नाही. तोंड उघडे राहिले तर हवेतील कर्बवायू त्याला पुन्हा सौम्य करून टाकतो. क्षारदग्धावर अम्लद्रव्य का लावावे, या शंकेचे उत्तर देताना आचार्यांनी क्षारातील तीक्ष्ण लवणरस अम्लाशी मिळून आपली तीक्ष्णता सोडतो, असा खुलासा केला आहे. आज आपण त्यास उदासिनीकरण म्हणतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1902 साली प्रसिद्ध केला, तेव्हा सौम्य व दाहक अल्कांतील सुश्रुतांच्या या भेदाकडे त्यांनी आवर्जून लक्ष वेधले होते. गुणधर्म पाहून, पारखून, पात्र निवडून काम करणे ही आपलीच परंपरा आहे. मोजमाप सोडून देणे ही अलीकडची सवय आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रारंभीच पिप्पली, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतिवापर टाळण्यास बजावले आहे आणि क्षाराच्या अतिसेवनाने केस, दृष्टी, हृदय व पुंस्त्व यांची हानी होते असे सांगितले आहे. या यादीतील ‘हृदय’ हा शब्द आम्ही पूर्वी अनेकदा वाचून पुढे गेलो होतो. त्या गृहस्थांची नाडी हाती लागल्यानंतर तो शब्द आम्हांस नव्याने वाचता आला. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि बाहेर अल्प, तर सोडियम बाहेर भरपूर आणि आत अल्प, या तफावतीवर हृदयाचे ठोके चालतात. बाहेरचे पोटॅशियम थोडेसे वाढले तरी तो तोल ढळतो. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकते. रुग्ण मूत्रपिंडाला ते जमत नाही. आणि क्षारांची औषधे आपण बहुधा मूत्रवह स्रोतसाच्या रुग्णांनाच देतो, हा यातील खरा धोका आहे.

याचा अर्थ क्षारांना घाबरावे असा कोणी घेऊ नये. चंद्रप्रभा वटीत दोन्ही क्षार आणि तीन लवणे आहेत, परंतु एका गोळीतील त्यांचा वाटा अल्प असतो. शंखवटी, लवणभास्कर यांसारखी औषधे योग्य रुग्णात योग्य मात्रेत उत्तम काम करतात. भगंदरात क्षारसूत्राचे यश तर सर्वमान्य आहे; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अनेक केंद्रांवरील चाचणीचे निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाले आणि आपल्या शल्यतंत्राला त्यामुळे बळ मिळाले. क्षार प्रभावी आहे, म्हणूनच तो मोजून द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सोडियमचाही हिशेब असाच ठेवावा. एक ग्रॅम मिठात सुमारे 390 मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाकाठी दोन ग्रॅमहून कमी सोडियम घ्यावे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ असे सांगून त्याच चिठ्ठीवर पंचलवणयुक्त चूर्ण तीन वेळा लिहिणे सुसंगत नव्हे. बाजारात आज कमी सोडियमचे मीठ मिळते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. जानेवारी 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मिठाची शिफारस करताना मूत्रपिंडविकाराचे रुग्ण त्यातून वगळले आहेत. तेव्हा असे मीठ खाणाऱ्या रुग्णास सोरा किंवा यवक्षार देण्यापूर्वी वैद्याने दोनदा विचार करावा.

पहिल्या गणाच्या माथ्यावरील लिथियम आपल्या औषधांत नाही, पण आपल्या रुग्णांच्या खिशात असते. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 साली उन्मादावर त्याचा उपयोग दाखविला. तेव्हापासून मानसरोगचिकित्सेत ते वापरात आहे. त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर फार थोडे आहे. सोडियमचा हा धाकटा भाऊ असल्याने मूत्रपिंड त्याला सोडियमसारखेच वागविते: शरीरात मीठ कमी पडले की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही परत शोषून घेते आणि रक्तातील लिथियम चढते. हात कापणे, उलट्या, गुंगी ही त्याची लक्षणे. लिथियम घेणाऱ्या रुग्णाला त्वचारोगाचे पथ्य म्हणून आपण ‘एक महिना मीठ वर्ज्य’ असे सहज सांगून जातो, तेव्हा नकळत त्याच्या औषधाची मात्राच वाढवीत असतो. त्याच्या मानसरोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय असे पथ्य देऊ नये.

आता औषधविक्रेत्या व फार्मसीचालक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. एका पावसाळ्यात आम्ही दोन ठिकाणांहून यवक्षार आणविला. एक डबी आठ दिवसांत ओलसर होऊन पाझरू लागली. दुसरी श्रावण संपला तरी कोरडी ठणठणीत राहिली. आमच्या साहाय्यकाने कोरड्या मालाची तारीफ केली. वास्तविक संशय त्याच डबीचा घ्यायला हवा होता. पोटॅशियम कार्बोनेट हवेतील ओलावा शोषून चिघळते. तो त्याचा स्वभावच आहे. सोडियमची द्रव्ये तशी वागत नाहीत. धुण्याच्या सोड्याचे स्फटिक तर कोरड्या हवेत स्वतःचेच पाणी गमावून भुकटी होतात. तपासले तेव्हा कोरडा ‘यवक्षार’ खाण्याचा सोडा निघाला. दोन्ही अम्लात फसफसतात, म्हणून केवळ लिंबू पिळून पाहण्याने हा भेद कळत नाही.

एक सोपी परीक्षा येथे देतो. नमुन्याचे दाट द्रावण करावे, त्यात टार्टारिक अम्लाचे द्रावण फसफस थांबल्यानंतरही आणखी घालावे, ढवळावे आणि थोडा वेळ ठेवावे. पोटॅशियम असेल तर पांढरा स्फटिकमय साका तळाशी बसतो. निव्वळ सोडियम असेल तर द्रावण स्वच्छ राहते. नवसागराची भेसळ असली तरी साका येऊ शकतो, म्हणून नमुन्याचा थोडा भाग ओल्या चुन्यासोबत चोळून पाहावा. उग्र झणझणीत वास आला तर नवसागर आहे असे समजावे. ज्योतीची परीक्षाही उपयोगी आहे: सोडियमची ज्योत पिवळीधमक, पोटॅशियमची फिकट जांभळी. परंतु सोडियमचा लवलेशही जांभळा रंग झाकून टाकतो, म्हणून ती कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहावी. संशय उरला तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. त्याचा खर्च एका रुग्णाच्या रुग्णालयातील एका दिवसाहून फार कमी असतो.

याच्या उलट टोकाचीही एक चूक होते. यवक्षाराऐवजी रसायनांच्या दुकानातील शुद्ध पोटॅशियम कार्बोनेट वापरले तर काय बिघडले, असे काही निर्माते विचारतात. वनस्पतीच्या राखेतून आलेल्या क्षारात कार्बोनेटबरोबर क्लोराइड व सल्फेटही असतात. शुद्ध रसायन अधिक तीव्र असते आणि मात्रेचा अंदाज चुकतो. शिवाय लेबलवर यवाचे नाव असताना आत यव नसणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. वनस्पती कोठे वाढली यालाही महत्त्व आहे. खाऱ्या, वाळवंटी जमिनीतील झुडपांच्या राखेत सोडियम अधिक, म्हणून तेथून सज्जीखार येतो. गोड्या जमिनीतील यव, तीळ, अपामार्ग यांच्या राखेत पोटॅशियम अधिक. कच्चा माल कोणत्या प्रदेशातून आला याची नोंद म्हणूनच ठेवावी.

उत्तम निर्मितीच्या नियमांची अनुसूची ‘टी’ 2000 साली आली, तेव्हापासून स्वच्छता, नोंदी व तपासणी यांची सवय आपल्या व्यवसायाला लागली आहे. त्याच वाटेवर आणखी काही पावले टाकावीत, अशी आमची सूचना आहे. क्षार व लवणयुक्त औषधाच्या लेबलवर दैनंदिन मात्रेतील सोडियम व पोटॅशियम मिलिग्रॅममध्ये छापावे. शंखादी भस्मांच्या बॅचनोंदीत पुटापूर्वीचे व पुटानंतरचे वजन लिहावे. क्षार हवाबंद पात्रात, लहान वजनांत भरावेत. आणि प्रत्येक वैद्याने आपल्या केसपेपरवर तीन प्रश्न छापून घ्यावेत: मूत्रपिंडाचा विकार आहे काय, रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, मानसरोगाचे औषध चालू आहे काय.

या तीन प्रश्नांना एक मिनिटही लागत नाही. आमच्या केसपेपरवर ते आता छापलेले आहेत. ते गृहस्थ आजही अधूनमधून प्रकृती दाखवायला येतात आणि प्रत्येक वेळी आम्ही ते तिन्ही प्रश्न त्यांना पुन्हा विचारतो. ते हसून उत्तर देतात. आम्हांस मात्र त्या वेळी हसू येत नाही.